मधल्या कुडाची ऊब

आमच्या वाडीत सगळ्यात हट्टी माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सावळारामअण्णांचं नाव सांगेन. मी इथली आशा सेविका. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला सतरा घरांची ही वाडी, त्यातली नऊ घरं आता कुलपात. उरलेल्या आठ घरांतल्या बाळंतिणी, ताप, बीपीच्या गोळ्या, सगळं माझ्याकडं. आठ घरं फिरायला जेवढा वेळ लागतो, त्यातला निम्मा अण्णांशी भांडण्यात जातो.

अण्णांचं वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या बायकोला, रतनकाकींना, जाऊन चार वर्षं झाली. मुलगा गोरख पुण्यात कात्रजला, दोन खोल्यांत, बायको-पोरांसह. अण्णा इथं एकटे. गेल्या वर्षी पौषात त्यांची छाती इतकी भरली की भोरला दवाखान्यात सहा दिवस ठेवावं लागलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, जन्मभर चुलीच्या धुरात बसून फुप्फुसं खराब झालीत. यापुढं चूल नाही, शेकोटी नाही, शेगडीसुद्धा नाही. धूर नको आणि गारठाही नको.

सांगायला काय जातं? संध्याकाळी वरंधा घाटाच्या बाजूनं वारा उतरायला लागला की आमच्याकडं माणसं चुलीपुढनं हलत नाहीत. जाळाशिवाय हिवाळा काढायचा हे वाडीत कुणाला सुचलंही नव्हतं.

यंदा दिवाळीला गोरख आला तो गॅसची टाकी, एक हीटर आणि एक अट घेऊन. "संक्रांतीला म्या येनार. छाती साफ आसली तर ऱ्हावा हितं. पुना दवाखाना करावा लागला, तर घराला कुलूप. मग म्या तुमचं काय बी ऐकनार न्हाई." तो रागावून बोलला नाही. कामावरून सुट्ट्या काढून काढून तोही दमला होता.

पुण्याचं एवढं काय वावडं, असं मी अण्णांना एकदा विचारलं होतं. दवाखान्यानंतर अडीच महिने ते तिथं राहून आले होते. म्हणाले, "पोरं साळंत, ती दोगं कामावर, म्या गॅलरीत. समोरच्या गॅलरीत बी येक म्हातारा. दोन म्हैनं येकमेकाकडं बघितलं. त्यानं हात क्येला न्हाई, म्या बी न्हाई." मला त्यांचा नेहमी राग येतो, पण त्या दिवशी वाईट वाटलं.

तर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत अण्णांपुढं एकच काम होतं. जाळ न करता घर उबदार ठेवायचं आणि छाती जपायची. हीटरचा काही उपयोग नव्हता. संध्याकाळ झाली की आमच्याकडं लाईट हटकून जाते, आणि असते तेव्हा इतकी मंद की हीटरची तार जेमतेम लालसर व्हायची. अण्णा त्याच्यावर टोपी वाळत घालायचे.

घर जुनं, कारवीच्या कुडाचं. कारवीच्या काठ्या विणून वर शेणमाती लिंपलेली, डोक्यावर कौलं. लिंपायचं काम आमच्याकडं बायकांचं, त्यामुळं अण्णांनी जन्मात कधी त्याला हात लावला नव्हता. कुठं भेग पडते, कुठं उंदीर उकरतात, हे काकींना ठाऊक. आता अण्णा स्वतःच उकिडवे बसून बोटानं भेगा बुजवू लागले. मी म्हटलं, "अण्णा, माती जास्त झाली, शेण कमी. सुकली की पडेल." ते म्हणाले, "तू गोळ्या वाट." चार दिवसांनी सगळं पडलं. मग मीच पदर खोचून शेण कालवून दिलं आणि ते निमूट लिंपत बसले.

खरं सांगायचं तर नंतर मला त्यांचं कौतुक वाटायला लागलं. भात झोडून झाल्यावर त्यांनी माळ्यावर कौलांखाली पेंढा दाटून भरला, म्हणजे आतली ऊब वर जाऊन निसटणार नाही. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून गवताचे भारे रचले. दाराला आतून दोन पोती शिवून टांगली. सकाळी ऊन अंगणात आलं की दार सताड उघडं, घोंगडी आणि वाकळ दगडांवर पसरलेली; आणि ऊन डोंगराआड जायच्या तासभर आधी सगळं आत, दार बंद. रतनकाकींचा पाटाही ते दिवसभर उन्हात ठेवायचे आणि झोपताना गोणपाटात गुंडाळून पायाशी घ्यायचे. काकी असत्या तर पाट्याला पाय लावला म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. अण्णा म्हणाले, "वरडायला ऱ्हायली आसती तर पाटा लागलाच नसता."

एवढं करूनही घर गार ते गारच. डिसेंबर सरत आला तशी त्यांना पहाटे धाप लागायला लागली. बोटाला लावायचं मशीन मी रोज लावायचे आणि ऑक्सिजनचा आकडा रोज एकेकानं खाली यायचा. मला काही कळेना. शेवटी मी त्यांना ओट्यावर बसवलं आणि घरातल्या चारी भिंतींवर हात फिरवला. तीन भिंती ठीक होत्या. चौथी, ज्या भिंतीशी त्यांचं अंथरूण होतं ती, नुसती गारठलेली. आणि ती बाहेरची भिंतच नव्हती. तो मधला कूड होता.

हे घर मुळात एकच. वाटणी झाली तेव्हा मधोमध कूड घालून दोन केली. पलीकडचा भाग धाकट्या भावाचा, चिमाजीतात्यांचा. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात तात्या मुलाकडं, इंद्रजितकडं, शिवऱ्याला राहायला गेले. हायवेला इंद्रजितचं चहाचं दुकान आहे. तेव्हापासून पलीकडं कुलूप. मी मागून जाऊन पाहिलं, तर तात्यांच्या परसदाराची खालची फळी निघालेली आणि चार कौलं सरकलेली. घाटाचा सगळा वारा त्या रिकाम्या घरात शिरून अण्णांच्या पाठीशी बसत होता.

"किल्ली मागवा," मी म्हटलं. अण्णांनी मान फिरवली. दोघा भावांत बारा वर्षांचा अबोला होता. एका उन्हाळ्यात तात्यांनी भाताच्या रोपांसाठी राब भाजायला घेतला, पालापाचोळा पेटला, वारं फिरलं आणि अण्णांची पेंढ्याची उडवी जळून गेली. अण्णा म्हणाले, मुद्दाम केलं. तात्या म्हणाले, राबाच्या तोंडाशी उडवी रचायला कुणी सांगितलं? एवढंच. पण दोघंही एकाच आईचे, माघार कोण घेणार?

"मग फळी काढून आत जाऊ आपण. आतून बंद करू."

"भावाच्या घरात चोरावानी शिरू व्हय? न्हाई जमायचं. आन मागनार बी न्हाई."

"अण्णा, मग बॅग भरा. गॅलरी वाट बघतेय." हे मी जरा जास्तच बोलले. त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर अण्णा दारातच उभे. दोन वाक्यं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. "लाव फोन. पर बोल तू."

मी आवाज मोठा करून फोन लावला. अबोला असला की आमच्याकडं तिसऱ्या माणसाच्या तोंडून बोलतात, समोरासमोर बसूनसुद्धा. मी त्या दिवशी तिसरी होते.

"तात्या, अण्णांना तुमच्या घराची किल्ली पाहिजे."

"त्येला इचार, कशाला?"

अण्णांना सगळं ऐकू येत होतं, तरी ते माझ्याकडं बघून म्हणाले, "त्येला सांग, मागलं दार मोडलंय. वारं येतंय हिकडं."

"सांग त्येला, दार म्या हुतो तवाच मोडलंय. आत्ता कळलं व्हय?"

"त्येला म्हनावं, जायच्या आदी सांगून गेला आसता तर..." इथं अण्णांना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना. मग तात्यांनी मला विचारलं, "आसाच खोकतो का रोज?"

"रोज," मी म्हटलं.

"उद्याच्या गाडीनं येतो. किल्ली कुना दुसऱ्याच्या हाती द्यायची न्हाई."

तात्या खरंच आले, भोरला एसटी बदलून, हातात पिशवी. दोघांनी एकमेकांकडं पाहिलंही नाही. तात्यांनी कुलूप काढलं आणि आम्ही आत गेलो. धुळीचा वास, कोपऱ्यात वाळकी पानं उडून आलेली. आणि मधल्या कुडाला अगदी चिकटून तात्यांची चूल. कुडाचा तेवढा भाग शेकून शेकून काळा कुळकुळीत झालेला. त्याच्या बरोबर पलीकडं अण्णांचं अंथरूण.

अण्णा त्या काळ्या जागेपुढं कितीतरी वेळ उभे राहिले. मला जे कळलं ते त्यांनाही कळलं असणार. अबोल्याची दहा वर्षं ते त्या भिंतीशी झोपले, आणि त्या दहाही वर्षांत रोज संध्याकाळी भावाच्या चुलीनं त्यांची पाठ शेकली. तात्या गेले आणि भिंत गार पडली. म्हणून गेल्या हिवाळ्यात अण्णांनी स्वतःची चूल जास्त पेटवली, आणि त्या धुरानं त्यांना दवाखान्यात नेलं. माणूस शेजारी राहतो म्हणजे काय करतो, हे तो गेल्याशिवाय कळत नाही, याचा मला त्या क्षणी फार राग आला.

मला लसीकरणाच्या कामाला जायचं होतं, निदान मी तसं सांगितलं. तिसरं माणूस नसलं की बोलावं लागेल, हा माझा हिशेब. संध्याकाळी परत आले तेव्हा फळी ठोकलेली, कौलं सरळ केलेली, दोन्ही बाजूंनी कूड लिंपून काढलेला. दोघं म्हातारे कोपरापर्यंत शेणामातीनं भरलेले, ओट्याच्या दोन टोकांना बसलेले.

मी अण्णांना हळूच विचारलं, "काय बोललात?"

"म्या म्हनलं चिखूल घट झालाय. त्यो म्हनला पानी घाल."

"बस्स?"

"मंग घातलं पानी."

परतीची गाडी सकाळची. अण्णांनी राहा म्हटलं नाही, तात्यांनी राहू का विचारलं नाही. तात्यांनी आपल्या बाजूला पेंढा पसरला, अण्णांनी दारातून एक वाकळ आत टाकली, आणि दोघं कुडाच्या दोन बाजूंना झोपले. सकाळी तात्या वाकळ घडी करून ओट्यावर ठेवून गेले. किल्लीही तिच्यावरच ठेवली होती.

मी गेले तेव्हा अण्णा त्या भिंतीला पाठ लावून बसले होते. "राती लई ऊब लागली," ते म्हणाले. मशीन लावलं तर आकडा दोननं वर. वारा थांबला त्याचा तो परिणाम, हे मला कळत होतं. एका किरकोळ म्हाताऱ्याच्या अंगानं भिंत तापत नाही, तेही कळत होतं. पण मी वाद घातला नाही. आशा झाल्यापासूनच्या नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

संक्रांतीला गोरख आला. छाती साफ होती. त्यानं घरभर फिरून पोती, पेंढा, पाटा सगळं पाहिलं, तिळगूळ दिला आणि म्हणाला, "जिंकला तुमी, अण्णा. ऱ्हावा." दुपारच्या गाडीनं तो गेला. अण्णा फाट्यापर्यंत सोडायला गेले आणि न थांबता चढून वर आले. मला वाटलं, आता हा माणूस वाडीभर सांगत फिरेल. पण आठ घरांत सांगायचं कुणाला?

त्यानंतर आठवडाभर त्यांनी माझ्याशी भांडणच काढलं नाही. गोळ्या दिल्या की घ्यायचे, बोट पुढं करा म्हटलं की करायचे. घर खरंच उबदार झालं होतं. बाहेरून आत गेलं की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. त्या उबेत ते एकटे बसलेले असायचे, आणि मला तिथं जास्त वेळ थांबवत नसे.

मग एका सकाळी त्यांनी मला आल्या आल्या सांगितलं, "फोन लाव त्येला. सांग, कूड सुकताना तडा ग्येलाय. वारं येतंय. येऊन लिंपाय पायजे."

"कुठं तडा?"

"हाय तितं."

मी आत गेले. कूड वरपासून खालपर्यंत पाहिला, बॅटरी लावून पाहिला. मग किल्ली घेऊन पलीकडं गेले आणि तिकडूनही पाहिला. दोघांनी मिळून असा लिंपला होता की एक केस जाईल एवढीही फट नव्हती.

मी बाहेर आले. अण्णा माझ्याकडं बघत नव्हते, समोरच्या डोंगराकडं बघत होते. मी फोन लावला.

"तात्या, कुडाला तडा गेलाय. अण्णा म्हणतात, लिंपायला यायला पाहिजे."

"केवडा गेलाय?"

"मोठा," मी म्हटलं. "हातभर तरी असेल."

पलीकडं हायवेच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. मग तात्या म्हणाले, "इंद्रजितला इचारावं लागंल. त्यो व्हय म्हनला तर येतो." पण त्यांनी फोन ठेवला नाही. अण्णांनी माझ्या हातातला मोबाईल घेतला आणि कानाला लावला. दोघंही काही बोलले नाहीत. मला अजून सात घरं करायची होती, तरी मी मोबाईल परत मागितला नाही आणि ओट्याच्या कडेला बसून राहिले.