पेल्यातलं नाणं

"चिकन कुणी ठेवला वरच्या फळीवर? पुढं या! न्हायतर एकेकाला फ्रिजात बसवते!"

मावशीचा हा आवाज केबिन रोडवरच्या आमच्या हॉटेलातून बाहेर पडला की समोरचा भाजीवाला न सांगता भाव उतरवायचा. उत्तनच्या खाडीतले बोंबील उलटे पोहत सुटायचे, असंही मी सांगत असतो. मला वाढवून सांगायची खोड आहे, सगळ्या भाईंदरला ती ठाऊक आहे. पण मावशीच्या आवाजाबद्दल मी कमीच सांगतोय.

त्या दिवशी पुढे आला तो आमचा उस्ताद. दाराच्या चौकटीत मावणार नाही एवढा आचारी, पण मावशीपुढे त्याची पुदिन्याची जुडी व्हायची. "मावशी, जगह नहीं थी," तो पुटपुटला.

"जगह नहीं? खाली तुझा गुलाबजाम हाय. त्याच्यावर कोंबडीचा पाणी ठिपकतंय. उद्या गिऱ्हाईक गुलाबजाम खाऊन आरवायला लागला, मग होईल जगह?"

उस्तादाने अख्खा फ्रिज रिकामा केला आणि पुन्हा लावला. शिजलेलं वर, कच्चं खाली, सगळ्यावर झाकण. हा मावशीचा कायदा. तो मोडणाऱ्याला दिवसभर कोलंबी सोलायला बसावं लागायचं. मालक म्हणून मलाही सूट नव्हती. दोनदा बसलोय.

मावशी उत्तनजवळच्या तारोडी गावची. नवऱ्याची होडी होती तोवर होडीत बर्फ भरून देणं हे तिचं काम. नवरा गेला, होडी विकली, आणि साठी उलटलेली ती बाई रोज बस पकडून माझ्या किचनमध्ये बर्फाचं राज्य करायला येऊ लागली. मी मूळचा मराठवाड्यातला. आमच्याकडे मासा म्हणजे सुकट. हॉटेल काढलं तेव्हा पापलेट कुठलं आणि सुरमई कुठली, हे मला मेनूकार्डातली चित्रं बघून कळायचं. बाकी सगळं मावशीने शिकवलं, तेही शिव्या घालत.

"मासा मेला तरी जागाच असतो, शेट," ती सांगायची. "बर्फाने त्याला झोपवायचा. पण एकदा जागा झाला का परत झोपवायचा न्हाय. मग तो सूड घेतो."

डीप फ्रीजरचं झाकण उगाच उघडलं की ती हातावर चापट मारायची. "देवघर हाय काय, सारखं दर्शन घ्यायला?" आणि नाक तर असं, की टोपली रिक्षातून उतरायच्या आत मासा कोणत्या दिवसाचा ते सांगायची. मी तर गिऱ्हाइकांना सांगायचो, मावशी माशाची जन्मतारीखसुद्धा सांगते. तिला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "तू गप ऱ्हा. मी फक्त मेल्याची सांगते."

नवा माल कापला की पहिला तुकडा ती स्वतः तळून खायची. मग स्टुलावर अर्धा-पाऊण तास हाताची घडी घालून बसायची. कुणी घाई केली तर म्हणायची, "मी बसली हाय ना नीट? मग उठू दे मला. मग विका." कित्येक गिऱ्हाइकं आत डोकावून विचारायची, "मावशी उठल्या का?" आणि मगच सुरमई मागवायची.

आणि तो पेला. स्टीलचा साधा पेला, पाण्याने भरून गोठवलेला आणि वर पाच रुपयांचं नाणं ठेवलेलं. तो फ्रीजरच्या कोपऱ्यात कायम असायचा. आपण नसताना लाईट गेली तर बर्फ वितळतो, नाणं तळाला जातं. लाईट आली की पाणी पुन्हा गोठतं, पण नाणं काही वर येत नाही. सकाळी नाणं वर दिसलं नाही तर सगळा मासा फेकायचा, वाद नाही. "फ्रीजर खोटं बोलेल, तू तर बोलशीलच," ती मला म्हणायची, "पेला न्हाय बोलणार."

सोमवारी आमची सुट्टी. एका मंगळवारी दुपारी शंभर माणसांच्या साखरपुड्याची ऑर्डर होती, आणि सुरमईची तवा फ्राय हवीच, असा मुलीच्या बापाचा हट्ट. मी सकाळी मावशीच्या आधी पोचलो. फ्रीजर उघडला. सुरमई दगडासारखी घट्ट. पेल्यात बर्फ घट्ट. वर नाणं नाही.

सोमवारी दुपारभर गल्लीची लाईट नव्हती, हे मला शेजारच्या पानवाल्याने तोवर सांगितलंही होतं. आता एवढी सुरमई ऐनवेळी कुठून आणू? नाक लावलं. गोठलेल्या माशाला कसला वास! मी गल्ल्यातून एक नाणं घेतलं, थेंबभर पाणी लावलं आणि बर्फावर चिकटवलं. आयुष्यात मी हजार थापा मारल्या असतील. त्या सगळ्या तोंडाने. ही एकच हाताने.

मावशी आली. पेला बघितला, मान डोलवली. सुरमईचा बर्फ सुटल्यावर ती कापायला घेतली आणि थांबली. बोटाने मांस दाबून बघितलं. "जरा सैल लागते. काल लाईट गेलेली काय, शेट?"

"नाही," मी म्हणालो.

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, पहिला तुकडा तळला, खाल्ला आणि स्टुलावर जाऊन बसली.

अर्ध्या तासात तिचा चेहरा लालबुंद झाला. मानेवर गांधी उठल्या, डोकं फुटायला लागलं, श्वास जड झाला. तशाही अवस्थेत ती उस्तादावर ओरडली, "एक तुकडा भायेर जायचा न्हाय! सगळी फेक!" मी तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवून घेतलं. साखरपुड्याला उस्तादाने चिकन वाढलं. मुलीचा बाप माझ्यावर पेटला, पण शंभर माणसं धडपणी घरी गेली.

तिसऱ्या दिवशी ती आली. फ्रीजर बंद करून रिकामा केला, आतून पुसला, प्रत्येक भांडं धुऊन पालथं घातलं. मग पदराला हात पुसत सगळ्यांसमोर म्हणाली, "माझं नाक गेलं आता. नासलेला मासा मला कळला न्हाय. अशी बाई किचनमध्ये नको."

उस्ताद रडकुंडीला आला. "मावशी, नाक का क्या है, वापस आएगा." ती हसली. मी तिथेच उभा होतो. ती तारोडीच्या बसमध्ये चढेपर्यंत खरं सांगायला माझ्याकडे वेळ होता. तोही मी तिची पिशवी धरण्यात घालवला.

आता आमच्या फ्रीजरला लाल आकडे दाखवणारं मीटर आहे. तापमान वाढलं की ते कोकलतं. मावशीच्या निम्म्यानेही नाही. सुरमई मागवणारे अजून कधीतरी आत डोकावतात, रिकामं स्टूल बघतात आणि पनीर सांगतात.

आठ महिने मी तारोडीला गेलो नाही. गेलो तेव्हा ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. मला खुर्ची दिली, चहा दिला, उस्तादाच्या मुलीची चौकशी केली. वाऱ्याची दिशा बदलली तशी न बघताच म्हणाली, "पलीकडच्या घरात जवळा भिजलाय." नाक शाबूत होतं. मी कप खाली ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. लाईट गेली होती, नाणं मी चिकटवलं, तुझं नाक कुठेही गेलेलं नाही.

तिने हातातला बोंबील काठीवर नीट अडकवला.

"माहीत हाय," ती म्हणाली. "पेला मीच धुतला. दोन नाणी निघाली."