काजळाचा ठिपका

शेवटच्या दिवशी सुमन अन् मी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. टेपवर आमचीच जुनी कॅसेट लावल्ती, शेवटची उरलेली. मधीच टेपनं रीळ खाल्लं. सुमननं ते हळू ओढून काढलं. एका जागी तुटलं होतं, पुढं वीतभर चुरगळलं होतं. "आता दिसत न्हाई, उद्या सकाळच्या उजेडात जोडू," म्हणाली. दिवेलागणीला छातीत कळ आली अन् गाडी येईस्तोवर माझी बायको गेली... दीड महिना झाला. रडगाणं लिहायला बसलो न्हाई. संसार मजेत झाला, तेच सांगायचंय.

आष्टीच्या बाजारात आमचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. शहरात नाचायला क्लब असतात म्हणे. आमच्याकडं वरात असायची, मांडवापासून मारुतीपर्यंत. माणसं रंगात यायची अन् पाच मिनटांत गाणं संपायचं, नाच तिथंच बसायचा. सुमन म्हणाली, गाणं लांबवू. मी म्हणालो, गाणं काय रबर हाय? पण तिनं लांबवलं. गाण्याचा मधला तुकडा चारदा भरायचा, त्याच्यावर मी कीबोर्डचा ठेका द्यायचा. मंग ती रीळ पाटावर अंथरायची, ठेका पडतो तिथं काजळाचा ठिपका लावायची, ठिपक्यावर ब्लेडनं कापून चिकटपट्टीनं जोडायची. जोड बिलकुल कळायचा न्हाई. ब्लेड मला कधी दिलं न्हाई. म्हणायची, तुम्ही घाईचे. बराबर होतं तिचं.

एकदा असाच घाईत मी आधीच ठेका धरला. ती ओरडली, "थांबा की ओ जरा!" ते कॅसेटमधी भरलं अन् कॅसेट तशीच लग्नघरी गेली. वरातीत भोंग्यातून हिचा आवाज आला. सगळे थांबले, नवरदेवाचं घोडं बी. माझी मान खाली. तेवढ्यात ठेका पडला अन् वरात अशी उसळली की इचारू नका. पुढच्या हप्त्यात पार केदारखेड्याहून माणूस आला, बाई ओरडती ती कॅसेट द्या म्हणून. सुमन दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई. नंतर हर कॅसेटमधी आपणच ओरडू लागली... सीड्या आल्या, दुकान मिटलं, ही एक कॅसेट राह्यली.

सुमनला रातीच अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाट घेऊन ओसरीत बसलो. चुरगळलेलं रीळ कापून टाकायचं, हा तिचाच नियम. पण नेमकं तिथंच तिचं ते ओरडणं होतं. नियम मोडला. नखानं एकेक सुरकुती दाबली. तिच्या डबीतल्या काजळानं ठिपका लावला, फक्त तुटलेली टोकं छाटली अन् जोडली. जल्दी केली न्हाई. टेप लावला. आवाज हेलकावला, पण आला.

माझी बहीण कौसा घरातून धावत आली. "दादा, सुतकात गाणं लावतो व्हय?"

"गाणं न्हाई. सुमन हाय."

ती उंबऱ्यावर बसली. मंग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "परत लाव."

मी रीळ मागं फिरवलं.