अहेरीच्या बाजारातली भागीदारी

आमचं साप्ताहिक छापलं जायचं चांद्याला आणि वाचलं जायचं अहेरीच्या बाजारात. मोठ्यानं. मी मराठीत दोन ओळी वाचायचो आणि मीठ विकणारे एक भाऊ त्या गोंडीत सांगायचे. ऐकणाऱ्यानं काही विचारलं, तर उत्तर दिल्याशिवाय पुढची ओळ नाही, असा तिथला रिवाज.

बांबूचा ठेकेदार माणसांना फुकट राबवतो, त्या बेगारीची बातमी आम्ही वाचली, आणि पुढच्या बाजाराला त्याची माणसं काठ्या घेऊन हजर. वाचन बंद! स्वातंत्र्य येऊन दहा वर्षं झाली नव्हती आणि भर बाजारात तोंड उघडायची चोरी. मी चांद्यात पत्रकं वाटली, ओरडलो, घसा बसवून घेतला. काडी हलली नाही.

तेवढ्यात वृत्तपत्र स्वातंत्र्यासाठी झटणारी एक परदेशी संस्था आमची भागीदार झाली. भागीदारी अशी: विषय त्यांचा, भाषण त्यांचं, फलकावर नाव त्यांचं; बैलगाड्या, कोंबड्या आणि श्रोते आमचे. विषय 'आशियातील वृत्तपत्रांचं भवितव्य'. जागा गावाबाहेरचा डाकबंगला. मी म्हटलं, बाजारात घ्या, बंदी तिथं आहे. दिल्लीहून आलेला त्यांचा चिटणीस म्हणाला, "ते कार्यक्रमात बसत नाही."

आमचे संपादक कुजबुजले, "गप रे बाबू, पाहुणे आहेत."

पाहुणे! मग आम्ही कोण, वाढपी?

गर्दी मिळावी म्हणून चिटणिसानं मुद्दाम बाजाराचा दिवस धरला होता. जंगलातून पायी आलेली माणसं मोहाच्या टोपल्या सोडून भाषणाला येतील, हे दिल्लीतच सुचू जाणे. डाकबंगल्यात रिकाम्या खुर्च्या, संस्थेतर्फे भाषणाला आलेले गोरे साहेब आणि ओसरीवर एक कुत्रं. मला इतका आनंद झाला की तोंड फिरवावं लागलं.

"लोक कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"बाजारात," मी म्हटलं.

साहेब सरळ चालायलाच लागले. चिटणीस फलक गुंडाळत मागे धावला.

गोरा माणूस बघून काठीवाले गोंधळले, काठ्या पाठीमागे धरून उभे राहिले. साहेबांचं पहिलं वाक्य चिटणिसानं हिंदीत केलं, भाऊंनी गोंडीत. लगेच चारोळी विकणारी एक बाई उठली.

"इथी पेपर वाचू देत नाई, ते काऊन नाई सांगून राह्यला?"

"प्रश्न नंतर," चिटणीस म्हणाला.

"नंतर कवा? नंतर आमी घरी जाऊ. मंग काय रस्त्यात वाघाले विचारू?"

अख्खा बाजार हसला. साहेब पुढचं वाक्य बोलले, पण भाऊ ते गोंडीत सांगेनात. बाईला उत्तर कुठं मिळालं होतं? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत साहेबांना तिचा प्रश्न सांगितला आणि काठ्या दाखवल्या. साहेब लालबुंद झाले. मग मिठाच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही वाचा."

मी वाचलं. बेगारीची बातमी सर्वांत आधी.

पुढच्या बाजाराला साहेब नव्हते, काठ्या होत्या. खरी परीक्षा ती होती. पण मी पोचायच्या आधीच भाऊंभोवती माणसं अशी दाटून बसली होती की काठीवाल्यांना उभं राहायला जागा नव्हती. त्यातला एक त्या बाईला म्हणाला, "उठ."

"तूच बस. तुह्या बापालेबी बेगारीले नेलं होतं. आयक."

तो बसला. वाचन सुरू झालं ते सुरूच राहिलं.

काही महिन्यांनी संस्थेचं पत्रक आलं. त्यात लिहिलं होतं की अहेरीच्या लोकांना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला संस्थेनं शिकवलं. आमच्या साप्ताहिकाचं नावसुद्धा नाही! "जाऊ दे," संपादक म्हणाले. जाऊ कसं देणार? मी ते पत्रक बाजारात वाचलं. भाऊंनी गोंडीत सांगायला सुरुवात केली आणि मध्येच त्यांना हसू फुटलं. मग बाईला, मग सगळ्यांना. काठीवाला तर मांडीवर थापा मारत होता. त्या दिवशी बाकीचा अंक वाचून झालाच नाही.