पोटावरच्या रेघा

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका जिममध्ये मी बरीच वर्षं शिकवायचो. चौतिसाव्या वर्षी अमरावतीला जाऊन मी ऑपरेशन करून घेतलं आणि पोटावर सिक्स-पॅकचे सहा खण पाडून घेतले. त्याआधी व्यायामाने ते कधीच दिसले नव्हते.

त्या काळात लागोपाठ दोन हंगाम बुडाले होते. शहरात खोली करून शिकणारी खेड्यांतली मुलं गावी परतली आणि जिम रिकामी दिसू लागली. मालक हार्डवेअरचे व्यापारी, मला उस्ताद म्हणायचे. एकदा म्हणाले, "उस्ताद, बाहेर मोठा बोर्ड लावू. फोटो तुमचाच. लेकिन पेट दिसलं पाहिजे."

माझे दंड आणि छाती बघण्यासारखी होती. पोटावर मात्र चरबीचा एक पातळ थर होता. भात सोडला, गोड सोडलं, तरी तो हलला नव्हता.

अमरावतीच्या डॉक्टरांनी मला उभं केलं, पोट आवळायला सांगितलं आणि मार्करने रेघा ओढल्या. "ताकद वाढणार नाही," ते म्हणाले. "मी फक्त चरबीत खाचा पाडणार. पुढे वजन वाढलं तर विचित्र दिसेल." मी मान डोलावली. ताकद मला नकोच होती.

ऑपरेशननंतर मी तिथेच राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे उतरलो. तिला हर्निया सांगितला होता. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना तिने माझं काळंनिळं पोट पाहिलं.

"हर्निया एका बाजूले असते," ती म्हणाली. "हे तं चारी बाजूनं टोचलं. खरं सांग, काय केलं?"

मी सांगितलं. तिने नवी पट्टी लावायला घेतली.

"काहून पण? चांगला तं होता तू."

डॉक्टरांनी बांधायला दिलेला घट्ट पट्टा कमरेला काचत होता. ती ब्लाउज शिवायची. शिलाईतलं उरलेलं मलमलीचं कापड तिने पट्ट्याला आतून लावून दिलं. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

सूज उतरायला दोन-अडीच महिने गेले. बोर्ड लागला. लोक येऊ लागले आणि विचारू लागले, काय खाता? मी सांगायचो: सकाळी अंड्याचा पांढरा भाग, रात्री नुसती काकडी. काहीतरी सांगायला हवं म्हणून सांगायचो.

बार्शीटाकळीहून एक शिक्षक रोज बसने यायचे. चाळिशीचे, शांत, वहीत सगळं उतरवून घेणारे. चार महिने त्यांनी माझं ऐकलं. गाल बसले, पोट तसंच राहिलं. एका सकाळी वजन उचलताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते बाकावरच कलंडले. पाणी पाजल्यावर म्हणाले, "सर, मीच कुठं चुकून राहिलो काय?"

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं, बनियन वर केलं आणि बेंबीतला व्रण दाखवला. ऑपरेशनचं सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी व्रण नीट पाहिला.

"दुखलं काय?"

"दुखलं."

"अन् काकडीचं?"

"ते मनानंच सांगितलं होतं."

त्यांनी वही पिशवीत घातली आणि पुढची बस पकडून निघून गेले.

मालकांना मी त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "एकाला सांगितलं ना, बस झालं. आता चूप राहा." मी राहिलो नाही. जो विचारायचा त्याला सांगत गेलो. काही जण हसले, काहींनी जिम सोडली, दोघांनी डॉक्टरांचा पत्ता मागितला.

शिक्षक पंधरा दिवसांनी परत आले. त्यांनी डबा आणायला सुरुवात केली होती, भाकरी आणि भाजी. व्यायाम झाला की पायरीवर बसून जेवायचे आणि मग शाळेला जायचे. वर्षभर आले. तब्येत सुधारली. मला मात्र त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.