दोन थापा

पोस्टचं नाव सांगत नाही, सांगायचं नसतं. उंची तेरा हजार फुटांच्या वर, माणसं बावीस, बर्फ सात महिने. आमची पलटण तिथे सप्टेंबरात चढली. मी लान्स नाईक होतो. सेक्शन कमांडर होते हवालदार रामनाथ. पलटणीच्या ज्युदो टीमला तेच शिकवायचे आणि फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून सगळी कंपनी त्यांना उस्तादच म्हणायची.

आम्ही दोघेही नगर जिल्ह्याचे. आता जिल्ह्याचं नाव बदललं, पण तोंडातलं नगर काही जात नाही. मी सोनईजवळचा, पाण्याच्या पट्ट्यातला. ते पाथर्डीकडच्या कोरड्या गावचे, आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जायचे. मॅटवरच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला ऐकवलं होतं, "दत्ता, तुमच्या सोनईचा ऊस माझ्या आईनं तोडलाय. तू खाल्लेल्या साखरंत तिचा घाम हाय. तवा मॅटवर आळस करू नको."

पोस्टवर चढण्याआधीची चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली ज्युदो शिकलो होतो. सकाळी साडेपाचला पीटी, संध्याकाळी चारला मॅट. मॅटवर पाय ठेवण्याआधी ते कपाळाला मढीच्या नाथाचा अंगारा लावायचे. मी देवाधर्मातला नाही, मी हसायचो. ते म्हणायचे, "नाथ बघतोच. पन इथं तुझा गळा माझ्या हातात असतो आन माझा तुझ्या. आधी हातावर इश्वास ठेव."

ज्युदोत गळा आवळण्याचे डाव असतात. श्वास कोंडला, की खालचा माणूस जोडीदाराच्या अंगावर दोन थापा मारतो. त्याचा अर्थ एकच, सोड. थापा पडल्या की हात उघडलाच पाहिजे.

एकदा एका बाउटमध्ये मी जिंकत होतो. समोरच्याने थापा मारल्या आणि मी सेकंदभर उशिरा सोडलं. उस्तादांनी मला बाजूला घेतलं. माझा गळा धरला, आवळला. मी थापा मारल्या. त्यांनी सोडलं नाही. पुन्हा मारल्या. डोळ्यांपुढे काळं आलं तेव्हा सोडलं.

"कळलं?"

"कळलं, उस्ताद."

"ज्याचा हात इचार करतो, त्यो खेळाडू न्हाई. खुनी हाय. हात आधी उघडला पायजे, डोकं मागनं."

पुढचे सहा महिने रोज शंभर वेळा तेच. पकड, थाप, सोड. झोपेत कुणी थापटलं तरी माझी मूठ उघडायची. इतकं ते अंगवळणी पडलं. मला माणसात आणणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर बापाच्या आधी मी उस्तादांचं नाव घेईन. हे त्यांना मी कधी बोललो नाही. फौजेत असलं बोलत नाहीत.

आता त्या दिवसाचं. फेब्रुवारी. शेजारच्या पोस्टपर्यंत लिंक पेट्रोल, म्हणजे गस्त, सहा जण. ०७१५ ला निघालो. हवा स्वच्छ. ०८४० ला कड्याच्या कडेने चाललो होतो. वाट रोजची होती, म्हणून दोर बांधले नव्हते. दोर शेवटच्या तिघांकडे होता आणि ते चाळीस मीटर मागे होते. उस्ताद माझ्या पुढे. त्यांच्या पायाखालचा बर्फ तुटला. आवाजसुद्धा मोठा झाला नाही.

मी पोटावर पडलो आणि त्यांचं उजवं मनगट धरलं. ते कड्याच्या बाहेर लोंबकळत होते. खाली दरी. माझ्या लगेच मागच्या सिग्नलवाल्याने माझे बूट पकडले आणि वायरलेस सेट चालू केला.

"कंट्रोल, ब्राव्हो वन. एक माणूस कड्याखाली. मदत पाठवा. ओव्हर."

"ब्राव्हो वन, कंट्रोल. किती वेळ धरू शकता? ओव्हर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सांग, धरलंय."

धरलं होतं, पण मी सरकत होतो. आधी छाती कड्यापाशी होती, मग पोट आलं. उस्तादांनी वर पाहिलं. कपाळावरचा अंगारा ओला होऊन भुवईत उतरला होता.

"दत्ता, सरकतुयास."

"न्हाई, उस्ताद. दोर येतोय."

"सरकतुयास."

मग त्यांचा डावा हात वर आला आणि माझ्या हातावर, कोपराच्या खाली, पडला. दोनदा.

माझी मूठ उघडली.

डोक्याला कळलं तेव्हा हात रिकामा होता. ०८४२ झाले होते. त्यांचं शरीर चौथ्या दिवशी सापडलं.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "पकड निसटली?" मी म्हणालो, "हो साहेब." त्यांनी लिहिलं, मी सही केली. सिग्नलवाल्याला माझे बूट सोडून काही दिसलं नव्हतं.

त्यांना घेऊन गावी मीच गेलो. सगळं उरकल्यावर त्यांच्या आईने मला घरात बोलावलं. कोयत्याने घट्टे पडलेले हात. म्हणाली, "शेवटाला कुनी धरलं हुतं माझ्या लेकराला?"

"मी, आई. हात निसटला."

तिने माझा उजवा हात घेतला आणि डोळ्यांना लावला. त्या वर्षापासून दर दिवाळीला ती मला बोलवायची आणि पाटावर बसवून त्याच हाताला तेल लावायची. "ह्या हातानं धरलं हुतं," एवढंच म्हणायची. माझी बायको म्हणते, तुम्ही दिवाळीला आनंदाने जाता आणि आजारी होऊन येता. खरं आहे.

मी हवालदार म्हणून रिटायर झालो. उस्तादांच्या दुसऱ्या एका शिष्याने नगरला ज्युदोचा क्लास काढला, त्यांचं नाव दिलं. मला शिकवायला बोलावलं. मी गेलो नाही. ज्या हाताचा मलाच भरवसा नाही, तो लोकांच्या मुलांच्या गळ्याशी कशाला न्यायचा?

पण यंदा क्लासच्या गुरुपौर्णिमेला जावं लागलं. हार घातलेला फोटो, शाल, नारळ, पुढच्या रांगेत नवं लुगडं नेसलेली आई. निवेदकाने उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला असेल तर तो गोळ्याच्या गाडीवर. तो माइकवर ओरडला, "शिष्याने शेवटच्या श्वासापर्यंत गुरूचा हात सोडला नाही!" टाळ्या झाल्या. आई माझ्याकडे बघून हात जोडत होती. मला त्या मांडवाची, त्या टाळ्यांची आणि सगळ्यात जास्त माझी किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने त्यांचं गाव गाठलं. आई ओट्यावर बाजरी पाखडत होती. मी उभ्यानेच सांगितलं. थापा, मूठ, सगळं.

तिचं सूप थांबलं. मग म्हणाली, "त्यानं सोड म्हनून थापटलं, का धराया हात टाकला हुता?"

हाच प्रश्न. त्यांनी मला वाचवण्यासाठी थापा मारल्या असतील. किंवा दुसऱ्या हाताने मला धरायला बघत असतील, हात घसरून पुन्हा पडला असेल. तसं असेल तर जगायला धडपडणाऱ्या माणसाला मी दरीत टाकलं. गेली इतकी वर्षं मी ते दोन ठोके हातावर मोजतो आहे.

"माहीत नाही, आई."

"त्यानं सांगितलं म्हनून सोडलं, आसं तरी म्हनायचं हुतं."

"अजून किती खोटं बोलू?"

ती उठली. "खोटं बोलून तेल लावून घेतलंस ना रं, येवढ्या दिवाळ्या," म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. दार लावलं नाही. पण आत ये, असंही म्हणाली नाही.

दिवाळीला निरोप आला नाही. तरी मी गेलो. पाट मांडलेला नव्हता. तिने तेलाची वाटी आणली आणि ओट्यावर माझ्यापुढे ठेवली.

"तुझं तू लाव," म्हणाली.

मी डाव्या हाताने उजव्या हाताला तेल लावलं. ती खांबाला टेकून शेवटपर्यंत बघत होती.

हवालदार रामनाथ. पाथर्डी तालुका. वय चौतीस, लग्न ठरलं होतं. मॅटवर पाय ठेवताना अंगारा लावायचे आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाही पोराचं हाड कधी मोडलं नाही. थापा पडल्या की सोडायचं, हे त्यांनी मला शिकवलं आणि मी ते बिनचूक शिकलो. त्या दिवशी त्या थापा होत्या का, एवढं सांगायला मात्र ते राहिले नाहीत.