मागच्या बाकावरची रुसांका

आमच्या लिपोवोच्या बसस्थानकावर भोंग्यातून जो आवाज यायचा, तो रुसांका वेल्कोवाचा. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागतेय, कोणती उशिरा येतेय, एवढंच ती सांगायची. पण अशा संथ, ठाम सुरात की पळत सुटलेला माणूससुद्धा जरा दमाने चालायला लागे. गावात प्रत्येकाच्या कानात तो आवाज होता, चेहरा मात्र फार थोड्यांनी पाहिला होता. पुढे वाहतूक कंपनीने यंत्रातला आवाज बसवला आणि तिला घरी पाठवलं. नवरा आधीच गेलेला. मुलगी स्पेनमध्ये, म्हाताऱ्याकोताऱ्यांची शुश्रूषा करणारी. माझं कॉफीचं दुकान कोर्टाच्या अगदी समोर आहे. रुसांका सकाळी यायची, चीज घातलेल्या पापुद्र्याच्या गरम बानित्साचा तुकडा आणि कॉफी घ्यायची आणि खिडकीशी बसून राहायची.

एकदा मी सहज म्हटलं, "कंटाळत नाहीस का गं? बोलायला कुणीतरी हवं."

"बोलायला तू आहेस की, लाझार," ती म्हणाली. "सांगण्यासारखं काही उरलं नाही, त्याचं वाईट वाटतं."

सांगण्यासारखं मिळालं ते नायदेनमुळे.

नायदेन नदीकडच्या मोहल्ल्यातला, रोमा जमातीतला, जिच्यावर गावात पहिला संशय जातो. एक जुना टेम्पो होता त्याचा, त्यातून लोकांचं सामान वाहायचा. त्याची बायको मारिका रुसांकाच्या इमारतीचे जिने पुसायची. सूर्यफुलाचा हंगाम संपत आला होता तेव्हा बियांचे मोठे व्यापारी बोगदानोव यांच्या गोदामातून भरलेली पोती घेऊन जाताना पोलिसांनी त्याला भर दुपारी पकडलं. नायदेन म्हणाला, मालकाच्या पुतण्यानेच, कालोयाननेच मला बाजारात गाठून हे काम दिलं. कालोयान म्हणाला, हा माणूस मी कधी पाहिलाच नाही. पोती मालकाला परत मिळाली आणि नायदेन कोठडीत गेला.

तारीख पडली तेव्हा मारिका रुसांकाच्या दारात आली. "मावशी, माझ्याबरोबर येता का? तिथलं बोलणं मला कळत नाही. मी घाबरले की मला ऐकूच येत नाही."

रुसांका गेली. त्याआधी कोर्टाची पायरी ती कधी चढली नव्हती.

कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून तीन-चार आरोपी बसले होते, बाजूला पोलीस. थोड्या वेळाने दोचेव वकील आले, ओला कोट, काखेत पिशवी. ज्याला वकील परवडत नाही त्याला कोर्ट नेमून देतं, त्यातले ते. आल्या आल्या त्यांनी पोलिसाला विचारलं, "यातला माझा कोण?"

पोलिसाने हनुवटीने दाखवलं.

"हं, ऐक," दोचेव नायदेनला म्हणाले. "पोती तुझ्या गाडीत सापडली ना?"

"सापडली, पण साहेब, मला त्यांच्या पुतण्यानेच..."

"ते राहू दे. पोती सापडली. गुन्हा कबूल असल्याच्या करारावर सही केलीस तर शिक्षा स्थगित, म्हणजे आज घरी. नाही केलीस तर खटला उभा राहीपर्यंत आत. तुझं तू ठरव."

"घरी आई अंथरुणाला खिळलीय, साहेब."

"मग ठरलंच की."

नायदेनने सही केली. आत न्यायाधीशबाईंनी विचारलं, आरोप समजला का? नायदेनने तोंड उघडायच्या आत दोचेव म्हणाले, "माझे अशील नाउम यांना सगळं समजलं आहे."

"आरोपीचं नाव नायदेन आहे, वकीलसाहेब," न्यायाधीशबाई म्हणाल्या. कुणीतरी हसलं. नशिबाने पंचनाम्याचा एक कागद फाईलमध्ये नव्हता, म्हणून करारावर शिक्कामोर्तब पुढच्या तारखेला करायचं ठरलं आणि नायदेनला परत नेलं. लगेच पुढचं प्रकरण एका रस्ते बांधणाऱ्या कंत्राटदाराचं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना राजधानीतून, सोफियाहून आलेले वकील. ते म्हणाले, कागदपत्रं पुष्कळ आहेत, नीट वाचायला वेळ हवा. बाईंनी महिनाभर दिला. त्या विनंतीला जेवढा वेळ लागला तेवढाही नायदेनला मिळाला नव्हता.

रुसांका बाहेर आली ती पायऱ्यांवरच थांबली. मुलीने पाठवलेला फोन तिच्याकडे होता. त्यावर ती रविवारी नातवाचं तोंड बघायची, एवढंच. तिने तो समोर धरला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बोलायला लागली. मी दुकानाच्या दारातून पाहत होतो. हातवारे नाहीत, आरडाओरडा नाही, भोंग्यातला तोच सूर.

"आज लिपोवोच्या कोर्टात नायदेन नावाच्या माणसाला त्याचा वकील कॉरिडॉरमध्ये भेटला. वकिलाने पोलिसाला विचारलं, यातला माझा कोण. नायदेन म्हणाला, पोती न्यायला मालकाच्या पुतण्याने सांगितलं. वकील म्हणाले, ते राहू दे. नायदेनने चोरी केली की नाही, मला माहीत नाही. ते विचारायला जे आत बसले आहेत, त्यांनीही विचारलं नाही. मी पाहिलं तेवढं सांगितलं."

ते तिने फोनमधल्या सगळ्या ओळखीच्यांना पाठवलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाने ऐकलं. "अरे, ही तर बसस्थानकावरची!" म्हणत लोक एकमेकांना पाठवत सुटले. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा गेली, मागच्या बाकावर बसली, पुन्हा पायऱ्यांवर उभी राहिली. बसस्टॉपवर लोक तिला थांबवून विचारायला लागले, "मावशी, आज काय झालं?"

एके सकाळी दोचेव माझ्या दुकानात शिरले आणि थेट तिच्या टेबलासमोर उभे राहिले.

"वेल्कोवाबाई, माझ्या मुलीला शाळेत काय विचारतात ठाऊक आहे? यातला तुझा बाप कोण?"

रुसांकाने कप खाली ठेवला. "मुलीचं ऐकून वाईट वाटलं. पण तुम्ही तसं विचारलं नव्हतं का?"

"विचारलं! कारण सकाळी फोन येतो आणि फाईल दारात हातात पडते. दुपारी दुसऱ्या गावी तेच. सरकार पैसे कधी देईल देव जाणे." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले, आवाज खाली आला. "मी तिथे कुणाला वाचवायला नसतो, बाई. मी खुर्ची भरायला असतो. कायद्यात लिहिलंय, आरोपीशेजारी वकील हवा. म्हणून मी. खुर्चीत बसलेला माणूस तुम्ही गावाला दाखवलात. खुर्ची मांडली कुणी, ते दाखवलंत?"

"नाही," रुसांका म्हणाली. "मला ते माहीत नव्हतं. आता सांगेन." मग तिने विचारलं, "नायदेनची फाईल वाचलीत का, वकीलसाहेब?"

दोचेव टेबलाकडे बघत राहिले. "अजून नाही."

"मग मी कुठे चुकले, सांगा ना."

ते उठून गेले. त्याच दिवशी तिने पायऱ्यांवरून सांगितलं, की नेमलेल्या वकिलाला फाईल कधी मिळते, आणि हे मला आधी ठाऊक नव्हतं, म्हणून मी अर्धंच सांगितलं होतं. लोकांना ते आवडलं नाही. "मावशी विकली गेली," असंही कुणी लिहिलं.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या दुकानात एक म्हातारी आली, डोक्याला रुमाल, पायात चिखलाचे बूट. "ती भोंग्यावरची बाई इथेच बसते ना?"

ही गेना आजी. बोगदानोवच्या गोदामासमोर तिचं घर आणि बकऱ्या. रुसांकासमोर बसली आणि श्वास न घेता सांगून टाकलं, "कुलूप पुतण्यानेच उघडलं. किल्लीने. मी कुंपणाशी बकऱ्या सोडत होते. त्या टेम्पोवाल्याला हाताने दाखवत होता, ही पोती घे, ती नको."

"आजी, मग पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलंच नाही. आपण होऊन जाऊन मोठ्या माणसांच्या घरात कशाला तोंड घालू? नातवाच्या फोनवर तुझं ऐकलं. म्हटलं, चला, ऐकून घेणारं कुणीतरी आहे."

मला वाटलं, आता रुसांका फोन काढणार. मी म्हणालोही, "सांग की, गाव हादरेल."

"गाव हादरेल आणि उद्या हिच्या बकऱ्या मरतील," ती म्हणाली. "हे पायऱ्यांवरून सांगायचं नाही. हे आत सांगायचं." आणि आजीला घेऊन ती चालत दोचेवच्या कचेरीत गेली. तोपर्यंत त्यांनी फाईल वाचली होती. लाजेने वाचली की रागाने, कोण जाणे. पण वाचली होती.

पुढच्या तारखेला मागचे बाक भरलेले होते. दोचेवने नायदेनला बाजूच्या खोलीत नेलं आणि बराच वेळ दार बंद राहिलं. करार मागे घेता येत होता, पण मग खटला उभा राहीपर्यंत नायदेन आतच राहणार. कॉरिडॉरमध्ये मारिकाने रुसांकाचा हात धरला. "मावशी, करार राहिला तर तो आज घरी येतो. सासूबाई वाट बघतायत. तुम्ही सांगा ना त्याला."

"काय सांगू गं? आत राहणारी मी नाही. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

नायदेन बाहेर आला तो मान ताठ ठेवून. न्यायाधीशबाईंना म्हणाला, "मी चोरी केली नाही. केली असं मी म्हणणार नाही." दोचेवने करार मागे घेतला. जामीन मागितला, तो नाकारला गेला. बेड्या घालून नायदेनला नेलं. जाताना त्याने बायकोकडे पाहिलं आणि मारिकाने रुसांकाकडे.

त्या हिवाळ्यात नायदेनची आई गेली. मातीला त्याला आणलं नाही. परवानगीचा कागद वेळेवर आला नाही म्हणे. रुसांका फुलं घेऊन मोहल्ल्यात गेली. मारिकाने तिला पाहिलं आणि पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी बानित्सा तिच्यापुढे तशीच थंड झाली.

"लाझार, मी बोलले नसते तर तो घरी असता."

"चोर ठरून घरी असता," मी म्हणालो.

"आईजवळ असता."

मी थंड बानित्सा उचलली आणि गरम तुकडा आणून ठेवला. तोही तसाच राहिला.

त्याच सुमारास बोगदानोवने तिच्यावर बदनामीचा दावा लावला. पायऱ्यांवरून तिने 'मालकाच्या पुतण्याने' असं म्हटलं होतं, एवढं त्यांना पुरलं. त्यांच्या बाजूला तीन वकील. रुसांकाने वकील नेमून मागितला तर उत्तर आलं, तुम्हाला पेन्शन आहे, स्वतःचं घर आहे, तुम्ही गरीब नाही. सुनावणीच्या दिवशी ती एकटीच आरोपीच्या जागी जाऊन बसली. जरा वेळाने शेजारची खुर्ची सरकली. दोचेव.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" तिने हळूच विचारलं.

"कुणी नाही. आणि फाईल वाचून आलोय."

तरी ती हरली. पुतण्याचा हात अजून सिद्ध झालेला नव्हता, आणि दुसऱ्याचं बोलणं गावभर सांगणाऱ्याने ते खरं असल्याचं दाखवावं लागतं, असं निकालात लिहिलं होतं. तिला दंड झाला. पेन्शनमधून तो थोडा थोडा भरत राहिली. बाहेर आल्यावर तिने आपल्या सुरात सगळ्यांना सांगितलं, "आज लिपोवोच्या कोर्टात रुसांका वेल्कोवा हरली," आणि का हरली तेही सांगितलं, न्यायाधीशांच्याच शब्दांत. स्वतःची बाजू जोडली नाही.

नायदेनचा खटला वसंतात उभा राहिला. गेना आजी काठी टेकत साक्षीला आली. बोगदानोवच्या वकिलाने तिला विचारलं, "एवढ्या लांबून तुम्हाला किल्ली दिसली?"

"किल्ली नाही दिसली बाळा. पण कुलूप फोडायला कुणी खिशात हात घालतं का?"

कालोयानला विचारलं तर त्याला काहीच आठवत नव्हतं. नायदेन निर्दोष सुटला. कालोयानवर खटला झाला नाही. पुरावा अपुरा, असं कळलं. नायदेनची माफी कुणी मागितली नाही. त्याचा टेम्पो पोलिसांच्या आवारात उभा राहून गंजला होता, तो भंगारातच गेला. महिन्याभरात तो जर्मनीला निघाला, कुठल्याशा मांसाच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला. निघण्याआधी माझ्या दुकानात आला.

"मावशी, मारिका तुमच्याशी बोलत नाही, मनाला लावून घेऊ नका."

"तिचं बरोबर आहे. आणि तू? तू रागावलायस?"

नायदेनने टोपी हातात फिरवली. "कधी कधी. आई आठवली की." मग म्हणाला, "पण मुलांच्या शाळेतल्या कागदावर बापाच्या नावापुढे चोर असं काही लिहिलेलं नाही. ते बरं वाटतं." त्याने तिच्या हाताचा मुका घेतला आणि गेला. रुसांका रडली नाही. त्या दिवशी ती कोर्टातही गेली नाही, घरी जाऊन झोपून राहिली.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मागच्या बाकावर ती एकटी नसते. निवृत्त शिक्षक येतात, बेकरीतली बाई सुट्टीच्या दिवशी येते, गेना आजी बाजाराला आली की पाय मोकळे करायला येते आणि डुलक्या घेते. एखाद्या दिवशी रुसांकाच्या घशाला त्रास असला तर शिक्षक पायऱ्यांवर बोलतात. पण ते फार लांबण लावतात, लोकांना ते आवडत नाही. मारिका अजूनही जिने पुसते आणि रुसांकाच्या दाराशी आली की न बोलता पुढे जाते.

परवा एक नवी वकील मुलगी आली होती, नेमलेली, व्रात्साहून. फाईल तिच्या हातात दारातच पडली. तिने मागे वळून त्या बाकाकडे पाहिलं आणि पोलिसाला विचारलं, "हे लोक कोण?"

"कुणी नाही," पोलीस म्हणाला. "ऐकायला येतात."

मुलगी आत गेली आणि म्हणाली, मला माझ्या अशिलाशी बोलायचंय, आणि हे कागद वाचायचेत, वेळ द्या. न्यायाधीशबाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग मागच्या बाकाकडे. जेवणानंतर घेऊ, म्हणाल्या.

रुसांकाने पायऱ्यांवरून त्या दिवशी एवढंच सांगितलं आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे कॉफी प्यायला आली.