मागे न पाहता

माझी पत्नी सुधा शाळेत खेळ शिकवायची. क्यूबाची एक धावपटू तिच्या फार आवडीची. 'आपली क्यूबावाली' म्हणायची तिला. तिची परदेशातली कुठलीही स्पर्धा असली की सुधा टीव्हीसमोर आणि मी पुस्तकात. रिले लागली की हाक यायची, "अहो, मान वर करा जरा! हात बघा तिचा. मागे न बघता बॅटन घेते. विश्वास लागतो त्याला."

सुधा गेली, त्याला आता वर्ष होईल. काल त्या क्यूबावालीची शेवटची शर्यत मी एकट्याने पाहिली. हात मागे करून ती निघाली आणि एकाएकी तिने मान वळवली. पाऊल अडखळले. क्यूबाचा संघ चौथा आला.

"अगं, मागे कशाला बघितलंस?" मी मोठ्याने म्हणालो.

इतकी वर्षे जिच्या हातून बॅटन घेत आले, त्या जोडीदारणीचा चेहरा जाता जाता एकदा पाहावा, असे वाटले असेल तिला.

सुधाला अग्नी देऊन निघताना शेजारचे अण्णा माझ्या कानाशी म्हणाले होते, "मागे वळून पाहायचं नाही हं." मी शहाण्यासारखा सरळ घरी आलो.